पेठ रोडच्या आमच्या जुन्या बँडसॉवर अंबडच्या काकांनी केलेलं काम

ज्यांच्याकडे जुना बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या पात्याचं लाकूड चिरायचं मशीन आहे, ज्यांची फळी एका टोकाला बारीक आणि मधे जाड निघते, आणि त्यावरून सुतार किंवा पॅलेटवाला (पेट्यांखाली ठेवायचे लाकडी तळ बनवणारा) माल परत पाठवतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अंबड एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. ते सॉ मिलच्या मशीनची चाकं जागेवरच घासून देतात, पात्याला जागेवर धरणारे गाइड बदलतात, ओंडका नेणाऱ्या ट्रॉलीचे रूळ सरळ करतात आणि पात्यांची धार, दात, ताण हे सगळं बघतात. मालकांना सगळे काकाच म्हणतात. आपलं नाव आणि नंबर कुठे लिहू नका असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून इथे देत नाही. नाशिकच्या कुठल्याही वखारीत 'चाकं घासणारे काका' म्हणून विचारलंत तर पत्ता मिळेल. माझं मत आधीच सांगून टाकते: काम उत्तम, वेळेचा भरवसा कमी, पैसे पूर्ण वसूल.

आमची सॉ मिल पेठ रोडला आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी चालवते. मशीन उभा बँडसॉ, 36 इंची ओतीव चाकं, ट्रॉली हाताने ढकलायची. निम्मं काम पॅलेटच्या फळ्यांचं. त्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना जातात आणि द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरीकडच्या पॅकहाउसना. उरलेलं काम मजुरीवर चिरून देण्याचं. कोणी सुरगाण्याकडचा साग आणतं, कोणी बांधावरची बाभूळ, कोणी वाडीतला म्हातारा आंबा.

आमची अडचण अशी होती की 25 मिलिमीटरची फळी मागितली तर सुरुवातीला 25, मधे 28 आणि शेवटी 26 निघायची. सुतार हातात घेऊन एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "ताई, सूतभर पोट आहे हिला." सूतभर म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. सुतार ते पोट रंध्याने काढतो, पण मजुरी त्याची जाते आणि लाकूड त्याच्या गिऱ्हाइकाचं जातं. पॅलेटवाला रंधा मारत बसत नाही. एक जाड फळी इतरांच्या वर आली की पेट्या डुगडुगतात आणि सगळा भार त्या एका फळीवर येतो. निर्यातीच्या पॅलेटला तर आणखी एक गोष्ट आहे. आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय नियमानुसार कीड मारण्यासाठी भट्टीत घातलेलं लाकूड अगदी गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवावं लागतं. जाड फळीचा गाभा तापायला जास्त वेळ घेतो, म्हणजे एका जाड फळीसाठी अख्खी भट्टी थांबते. भट्टीवाला मग मलाच फोन करतो.

फळी कुठेही 25 च्या खाली जाऊ नये म्हणून आम्ही 29 वर लावून चिरायचो. पातं डुलत असल्यामुळे भुशात जाणारी जागाही अडीच मिलिमीटर पडायची. 300 मिलिमीटरच्या चौकटातून, म्हणजे चौकोनी केलेल्या ओंडक्यातून, त्या हिशेबाने नऊ फळ्या निघतात. आता आम्ही 26 वर लावतो, भुशात पावणेदोन ते दोन मिलिमीटर जातात, आणि त्याच चौकटातून दहा निघतात. दहावी फळी पूर्वी भुशात आणि जाडीत जात होती. लाकडाचे पैसे मात्र आपण दहा फळ्यांचेच मोजत होतो.

नवीन मशीन का नाही घेतलं, हे बरेच जण विचारतात. एका विक्रेत्याने मोठ्या मशीनचं कोटेशन आणूनही दिलं होतं. पण सॉ मिलचा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात 1996 मध्ये दिलेल्या आदेशापासून या धंद्यावर करडी नजर आहे. नवं लायसन्स सहज मिळत नाही, आणि काही वाढवायचं तर वनखात्याचे उंबरे झिजवावे लागतात. जे आहे ते नीट करणं हाच आमच्यासारख्यांचा रस्ता. शिवाय आमच्या मशीनच्या ओतीव फ्रेमचं वजन आणि घट्टपणा आजच्या कमी किमतीच्या वेल्डिंग केलेल्या फ्रेममध्ये मला दिसला नाही. फ्रेम चांगली असेल तर बाकी सगळं बदलता येतं, हे काकांचंही म्हणणं.

आता त्यांच्या कामाबद्दल. याआधी मी दोघा-तिघांना बोलावलं होतं. आले की पाना काढायचे, बेअरिंगं बदलायचे, बिल द्यायचे. फळी तशीच. काका आले ते खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन. मशीनकडे बघितलंही नाही. म्हणाले, "ताई, आधी एक ओंडका चिरा आणि फळ्या ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने नंबर टाकून ठेवा." दहा फळ्या काढल्या. प्रत्येक फळीची जाडी त्यांनी दोन्ही कडांवर, सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी सहा ठिकाणी मोजली आणि सगळे आकडे एका वहीत मांडले.

त्या वहीतून त्यांनी मला जे दाखवलं, त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. फळीतला फरक दोन प्रकारचा असतो. एकच फळी स्वतःच्या लांबीत जाड-बारीक होते, हा पहिला प्रकार. याचं कारण पातं, चाकं, गाइड, ताण आणि ओंडका ढकलण्याचा वेग यात असतं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक फळी आपापल्या जागी सरळ असते, पण पहिली 26, दुसरी 28, तिसरी 25 अशी एकमेकींशी जुळत नाही. याचं कारण ट्रॉलीवर ओंडका पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेत असतं, पात्याशी त्याचा काही संबंध नसतो. जो माणूस हे दोन वेगळे न करता मशीन उघडतो, तो अंदाजाने पैसे खर्च करतो. आमच्याकडे दोन्ही होते, पण एका फळीतला फरक जास्त होता.

फळीच्या अंगावरच्या ओरखड्यांवरूनही ते निदान करतात, आणि हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आमचं चाक मिनिटाला साधारण 650 फेरे घेतं. 36 इंची चाकाचा घेर सुमारे 2.87 मीटर, म्हणजे पात्याचा वेग मिनिटाला 1,860 मीटरच्या आसपास. पातं स्वतः सव्वासहा मीटरच्या थोडं वर, म्हणजे ते मिनिटाला तीनशेच्या जरा कमी वेळा फिरतं. ट्रॉली मिनिटाला 18 मीटर जात असेल तर चाकातल्या दोषाची खूण फळीवर दर इंचभराने उमटेल आणि पात्याची दोन टोकं जिथे जोडलेली असतात त्या जोडातल्या दोषाची दर अडीच इंचाने. काकांनी फूटपट्टी ठेवली. आमच्या फळीवर दोन्ही खुणा होत्या. इंचाच्या खुणा खोल होत्या, अडीच इंचाच्या पुसट. त्यावरून त्यांनी सांगितलं की वरचं चाक गोल राहिलेलं नाही, आणि जोडही जाड आहे. चाक खोलल्यावर तसंच निघालं.

जोडावरून एक गोष्ट आठवली ती सांगते. बँडसॉचं पेटंट इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरी यांनी 1808 मध्ये घेतलं होतं, पण पात्याचा जोड टिकत नसल्यामुळे ते मशीन कितीतरी वर्षं पडूनच राहिलं. 1846 मध्ये ॲन पॉलिन क्रेपिन या फ्रेंच बाईंनी जोड देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे पॅरिसच्या एका कारखान्याने ते विकत घेऊन वापरात आणलं. आमच्या धंद्यात बाई गल्ल्यावर दिसली तर चालतं, मशीनपाशी दिसली की अजून लोक वळून बघतात. म्हणून हे नाव मी लक्षात ठेवलं आहे.

चाकांचं काम त्यांनी जागेवरच केलं. चाक उतरवून लेथवर न्यायचं म्हणजे मिल बंद राहते. त्यांनी मशीनच्या फ्रेमला एक छोटा ग्राइंडर बांधला, चाक संथ फिरवत ठेवलं आणि थोडं थोडं करून घासलं. वर्षानुवर्षं पातं एकाच जागी फिरून चाकाच्या तोंडावर पन्हाळीसारखा खड्डा पडला होता. तिथे पातं बसत नव्हतं, तरंगत होतं. घासून झाल्यावर चाकाच्या तोंडाला हवा तो हलका उंचवटा आला. मग ओळंबा सोडून दोन्ही चाकं एका रेषेत आणली आणि दातांमधल्या खोबणी चाकाच्या कडेबाहेर जेमतेम राहतील असं पातं बसवलं. बेअरिंगही बदलली, पण जी खरोखर वाजत होती तीच. चांगली होती ती तशीच ठेवून मला हात लावून दाखवली. बिल वाढवण्याची ती सोपी जागा होती, त्यांनी ती सोडून दिली.

ताणाचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही. आमच्या मशीनवर वरचं चाक वजन टांगलेल्या दांडीने वर उचललेलं असतं. वजन पुरेसं होतं, पण दांडीच्या टेकूत भुसा आणि जुनं ग्रीस बसून दगड झाला होता. वजन टांगलेलं असूनही चाक वर-खाली हलत नव्हतं. हे का वाईट, ते काकांनी आकड्यात सांगितलं. पोलाद एक अंश तापलं की दर मीटरला 12 मायक्रॉन वाढतं. आमचं सव्वासहा मीटरचं पातं 20 अंश तापलं तर दीड मिलिमीटर लांब होतं. चाक मोकळं असेल तर वजन त्याला तेवढं वर उचलून घेतं आणि ताण तसाच राहतो. चाक अडकलेलं असेल तर पातं सैल पडतं आणि लाकडात नागमोडी जातं. म्हणून आमची सकाळची पहिली फळी बरी आणि जेवणाच्या सुट्टीआधीची वाकडी यायची. आमचे मशीनवाले मामा हे कितीतरी दिवस सांगत होते, फक्त त्याचं कारण कोणाला ठाऊक नव्हतं. टेकू साफ करून, दांडी ज्यांवर डुलते त्या टेकूच्या धारा नव्याने घासून बसवल्या. या कामाला सामान जवळजवळ लागलंच नाही.

गाइड पूर्वी लाकडाच्या ठोकळ्यांचे होते, झिजून पात्यापासून लांब गेलेले. वरचा गाइड तर कायम वरच बांधलेला असायचा, कारण प्रत्येक ओंडक्यासाठी खाली-वर करायचा कंटाळा. दोन गाइडमधलं पातं जितकं लांब मोकळं, तितकं ते सहज कलतं. काकांनी पात्याला त्याच्या सरळ रेषेतून काही मिलिमीटर बाहेर दाबून धरणारे गाइड बसवले आणि वरच्या गाइडला एका हाताने फिरेल असं चाक लावलं. आता मामा ओंडक्याच्या उंचीप्रमाणे गाइड खाली घेतात. बारीक ओंडक्यावर याचा फरक लगेच दिसला.

पात्याबद्दल त्यांचा हात खरा आहे. जाडीचा त्यांचा नियम असा की चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा पातं जाड नको. 36 इंच म्हणजे 914 मिलिमीटर, म्हणून 0.9 मिलिमीटर, म्हणजे 20 गेज. आम्ही "जाड पातं म्हणजे मजबूत" या समजाने 19 गेज लावायचो (गेजचा आकडा जितका लहान, तितकं पातं जाड). जाड पातं लहान चाकावरून दर फेऱ्यात जास्त वाकतं आणि खोबणीच्या तळाला चिरा पडतात. आमची पाती तिथेच तुटायची. नवं 20 गेजचं पातं त्यांनी रोलरमधून काढून मधल्या भागात किंचित ताणलं. कापताना दातांची कड तापून लांबते. मधला भाग आधीच ताणलेला असेल तर कड तापल्यावरही घट्ट राहते. पातं वाकवून त्यावर आडवी सरळ पट्टी ठेवायची आणि खालून किती उजेड दिसतो ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. ते बघताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही.

दात दोन्ही बाजूंना साधारण 0.45 मिलिमीटर फाकवलेले, आणि हे प्रत्येक दातावर डायल लावून तपासलेलं. एका बाजूचे दात जरा जास्त फाकले असतील तर पातं त्या बाजूला ओढ घेतं. पोट असलेल्या फळीमागे हे कारण मी याआधी कोणाकडून ऐकलं नव्हतं. आमचा जुना धारवाला कानसीने, नजरेने करायचा. त्याचा हात वाईट नव्हता, पण एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत कानस बोथट व्हायची.

मग ट्रॉली ढकलण्याचा वेग. इथे काकांनी मामांना बाजूला घेऊन शिकवलं, आणि मशीनवर ज्यांचा हात असतो त्यांनी हे वाचावंच. वाकडी फळी येते म्हटल्यावर मशीनवाला हळू ढकलायला लागतो, आणि त्याने कधीकधी आणखी बिघडतं. आमच्या पात्याला दर 45 मिलिमीटरवर दात आहे. मिनिटाला 18 मीटरने ढकललं तर प्रत्येक दात सुमारे 0.43 मिलिमीटर लाकूड उचलतो, म्हणजे दात जेवढा फाकलेला आहे साधारण तेवढंच. भुशाचा कण जाड येतो, खोबणीत अडकून बाहेर जातो. वेग निम्मा केला तर कण पात्याच्या बाजूच्या फटीपेक्षा बारीक होतो, खोबणीतून निसटून पातं आणि लाकूड यांच्यात शिरतो, घासतो, पातं तापवतो आणि ढकलतो. उलट फार जोरात ढकललं तर खोबणी ओंडक्यातून बाहेर पडायच्या आधीच भरते आणि जास्तीचा भुसा पुन्हा बाजूलाच शिरतो. उंच ओंडक्याला वेग कमी, बुटक्याला जास्त, एवढंच लक्षात ठेवायचं. काकांनी मामांच्या तळहातावर भुसा ठेवून दाखवला. चांगल्या वेगाचा भुसा बोटांना खरखरीत लागतो, पिठासारखा नाही. आणि चिरलेल्या फळीवर भुसा चिकटून राहिला असेल तर तो बाजूने निसटतो आहे हे समजायचं. मामा आता दर ओंडक्याला भुसा चिमटीत घेऊन बघतात.

फळी-फळीतल्या फरकाचं काम तुलनेने लवकर उरकलं. ओंडका पुढे सरकवणाऱ्या दांत्यांची झीज झाली होती, ढिलाई होती. दांते बदलले, स्क्रू बसवला, आकडा दाखवणारी डिजिटल पट्टी लावली. मामांना आधी ती आवडली नाही, आता तीच बघून काम करतात.

लाकडाप्रमाणे काय फरक पडला तेही सांगते. आंबा आणि पाइन यांच्यावर सगळ्यात छान. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते, म्हणून सागासाठी त्यांनी दातांच्या टोकांवर स्टेलाइट लावलेलं एक पातं वेगळं दिलं. स्टेलाइट हा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू, एलवुड हेन्स या अमेरिकन माणसाने 1907 मध्ये पेटंट घेतलेला. तापला तरी त्याचा कडकपणा टिकतो. सागावर ते पातं साध्या पात्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतं, याबद्दल मला शंका नाही. पण बाभळीसाठीही तेच घ्या हा काकांचा आग्रह मी मानला नाही. आपल्याकडची बाभूळ बांधावरची. तिच्यात कुंपणाची तार, खिळे, कधी बैल बांधायची कडी रुतलेली असते. एका खिळ्यावर स्टेलाइटची टोकं उडाली की पैसे बुडाले. बाभळीला साधं पातं, आधी ओंडक्यावर मेटल डिटेक्टर फिरवून. माझ्या मते हेच बरोबर आहे आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं.

निलगिरीबद्दल मात्र मशीनकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्या झाडाच्या आत वाढीचा ताण असतो. चिरताना ओंडका उघडतो आणि फळी धनुष्यासारखी वाकते. पातं सरळ गेलं तरी फळी सरळ राहत नाही. एका बाजूने एक-दोन फळ्या काढून ओंडका उलटायचा, मग दुसऱ्या बाजूने, असं आलटूनपालटून केलं की त्रास कमी होतो. ते आमच्या हातात आहे, काकांच्या नाही.

आता न आवडलेलं. सोमवारी येतो म्हणतात आणि गुरुवारी येतात, फोन उचलत नाहीत. द्राक्षाच्या हंगामात तर मिळणारच नाहीत, कारण तेव्हा सगळ्याच पॅलेटवाल्यांची मशीनं अडलेली असतात. बिल सुरुवातीला तोंडी सांगतात. मी कागदावर कामवार लिहून मागितलं तेव्हा दिलं, पण मागावं लागलं. तुम्हीही मागा, म्हणजे चाकं, गाइड, पाती, रूळ यांचे पैसे वेगळे दिसतात. आमचं सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास गेलं, पाती धरून.

सगळ्यात गंभीर तक्रार सुरक्षेची. चाचणी घेताना त्यांच्या पोराने चाकांची झाकणं काढून ठेवून मशीन चालू केलं. सेकंदाला 30 मीटरने धावणारं पातं तुटलं तर कुठे उडेल हे कोणी सांगू शकत नाही. मी मशीन बंद करायला लावलं आणि झाकणं लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही असं सांगितलं. काकांनी ऐकलं, पण ते मला सांगावं लागायला नको होतं. तुमच्याकडे आले तर पहिल्याच दिवशी ही अट घाला. कानाला लावायचे मफ आणि डोळ्यांचे चष्मेही तुमचे तुम्ही ठेवा, ते आणत नाहीत.

आणि रुळांबद्दल. आमची जमीन काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि स्लीपरवर ठेवलेले ट्रॉलीचे रूळ तिच्याबरोबर हलतात. दर वर्षी पावसानंतर फळ्या बिघडायच्या त्याचं एक कारण हेच होतं. काकांनी रुळांखाली खोल काँक्रीटचे पाये घातले, तार ओढून रूळ सरळ केले, आणि पात्याशी त्यांचा कोन लावून दिला. हे काम ओल्या जमिनीत होत नाही. म्हणून ज्यांना त्यांना बोलवायचं आहे त्यांनी द्राक्षं संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये बोलवावं. जूनमध्ये पाऊस लागला की ते पायाचं काम हातात घेत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर ते लेव्हल घेऊन एकदा रूळ तपासायला येतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त आठवण करून द्यावी लागते. आणि तोपर्यंत दर आठवड्याला एका ओंडक्याच्या फळ्या नंबर टाकून सहा ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवा. ते आल्याबरोबर आधी ती वही मागतात.